मनं बदलण्याची वाट कुणी पाहायची?

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. काही दिवसांतच राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हापासून या विषयावर जिथे म्हणून चर्चा होते, तिथे ती त्याच दोन वाक्यांवर येऊन अडते. एक बाजू म्हणते, ठराव आणि कायदे करून माणसांची मनं बदलत नाहीत, प्रबोधन करा. दुसरी म्हणते, कडक कायदा करा, चार जणांना आत टाका, बाकीचे सरळ होतील. दोघींचा समज असा की आपण एकमेकींचं म्हणणं खोडतो आहोत. पण बदल वरून खाली उतरतो, हे दोघींनी गृहीतच धरलेलं असतं. एकीला तो व्याख्यानातून उतरताना दिसतो, दुसरीला पोलीस ठाण्यातून. जिच्या हातातल्या बांगड्यांबद्दल हे सगळं चाललंय, ती बाई दोन्ही चित्रांत नुसती बसून असते.

माझं म्हणणं असं आहे की आधी मनं बदलतील आणि मग माणसं वेगळं वागू लागतील, या क्रमाने आपल्याकडचा कुठलाही मोठा बदल झालेला नाही. थोडी माणसं आधी वागणूक बदलतात आणि त्याची किंमत मोजतात. त्यांच्या वागण्याला कायद्याचा किंवा ठरावाचा टेकू मिळतो आणि तो टिकवणारी एखादी संस्था उभी राहते. एवढं झाल्यावर बाकीच्यांची मनं बदलतात, पुष्कळदा तर पुढच्या पिढीत. चळवळ म्हणजे ही सगळी खटपट. हिच्यातला एक तुकडा उचलून ‘हाच खरा, बाकी फुकट’ म्हणणाऱ्यांमुळे वाद नासतो.

ठराव नेमकं काय करतो, हे पाहायला हेरवाडपासूनच सुरुवात करू. अंगणात मयत ठेवलेलं असतं. घरातल्या, भावकीतल्या चार वयस्कर बायका पुढे होतात आणि त्या बाईचे हात धरतात. तिथे उभ्या असलेल्या किती जणांना मनातून हे नको असतं? मुलीला नको असतं, बहिणीला नको असतं, कधी कधी खुद्द सासूलाही नको असतं. पण मयताच्या दारात वाद कोण घालणार? प्रत्येकीला वाटतं, नको असणारी मी एकटीच. अशा वेळी दिराने किंवा मुलाने ‘राहू द्या, गावाने ठराव केलाय’ एवढं म्हटलं की पुरतं. त्या ठरावाला शिक्षेचं कलम नाही, हे खरं. पुढे सरसावलेल्या म्हातारीचं मनही त्या क्षणी बदललेलं नसतं. बदललेलं असतं ते इतकंच की कालपर्यंत नको म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागत होतं, आज हवं म्हणणाऱ्याला द्यावं लागतं. मला हे फार मोठं वाटतं.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेऊ, कारण ते खोटं नाही. विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा. त्यानंतरची कितीतरी वर्षं विधवा विवाह इतके थोडे झाले की ते नावानिशी लक्षात राहावेत. 1869 मध्ये विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत असा एक विवाह लागला आणि तो लावणाऱ्यांवर बहिष्कार पडला. बालविवाह रोखणारा शारदा कायदा 1929 चा. आणि 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयोगटातल्या दर 100 स्त्रियांमागे जवळपास 22 जणींचं लग्न 18 वर्षांच्या आत झालेलं आढळलं. नव्वद वर्षांहून जुना कायदा आणि ही अवस्था! मग ‘कायद्याने काय होतं’ असं कुणी विचारलं तर त्याला मूर्ख ठरवून चालणार नाही.

पण 1856 चा कायदा कागदावर का राहिला? त्यात पुनर्विवाहाला परवानगी होती, आणि पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल अशी तरतूदही होती. म्हणजे लग्न कर, पण जे काही हातात आहे ते सोडून कर. जिला लिहिता-वाचता येत नाही, जिच्याकडे कमाईचं साधन नाही, जिला माहेरही थारा देत नाही, तिने या परवानगीचं करायचं काय? धोंडो केशव कर्व्यांनी हे अनुभवाने ओळखलं. 1893 मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला आणि आपल्या मुरूड गावाचा बहिष्कार सोसला. विधवा विवाहाचा प्रचार करणारी मंडळीही काढली. तीन वर्षांत त्यांच्या कामाचा रोख बदलला आणि 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. विधवेला शिकू द्या, स्वतःच्या पायावर उभी राहू द्या, लग्नाचं तिचं ती ठरवेल. हिंगण्याच्या माळरानावर उभ्या राहिलेल्या त्या झोपडीने कायद्याला जे जमलं नव्हतं ते करून दाखवलं. पण कर्वे व्याख्यानं देत मनं बदलण्याची वाट पाहत बसले नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं. पुण्यातल्या ब्राह्मण घरांची मनं बदलायच्या आधी मुली आश्रमात आल्या, शिकल्या, शिक्षिका झाल्या. शिकवून पगार घरी आणणारी विधवा समोर दिसू लागली, तेव्हा मनांना बदलण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

बालविवाहाचं आजचं गणितही असंच आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला विचारा. आई-बाप पाच-सहा महिने फडावर. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? फडावर नेलं तर राहायच्या झोपडीला, कोपीला, दार नाही. लग्न लावून दिलं तर काळजी मिटते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, त्याला मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. या बापाला बालविवाहाचे तोटे समजावून सांगणारं पथनाट्य दाखवून काय उपयोग? त्याला तोटे माहीत आहेत. मुलीला मागे ठेवता येईल असं खात्रीचं वसतिगृह आणि बारावीपर्यंतची जवळची शाळा मिळाली तर तो थांबेल. नुसता कायदा अपुरा, हे मान्य. पण त्यावर सांगितला जाणारा ‘प्रबोधन’ हा उपायही तितकाच अपुरा आहे, आणि तो सांगणाऱ्याला स्वतःला काहीच करावं लागत नाही.

या सगळ्या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ इतिहास आपल्याकडे पाण्याचा आहे. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तिथे ना कायदा होता, ना ठराव. एका माणसाने स्वतःच्या मालकीच्या पाण्यापुरता नियम मोडला. पुढे कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना संस्थानच्या नोकरीत असताना पाण्याला शिवल्यावरून मार बसला. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज गाडी दारात उभी करून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यायला लावू लागले. त्या मानकऱ्यांना ‘तुमचं मन तयार आहे का’ असं कुणी विचारलं नव्हतं. कप हातात आला, प्यावा लागला. घरी जाऊन किती जणांनी अंघोळ केली असेल ते तेच जाणोत. पण भर रस्त्यात, लोकांच्या देखत ते कांबळ्यांच्या हातचा चहा प्यायले होते, आणि पाहणाऱ्या कोल्हापूरच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं.

राजाच्या हिमतीची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. ती राजाबरोबर जाते. 1922 मध्ये शाहू महाराज गेले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सार्वजनिक असलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असतील. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्याला अनुसरून चवदार तळं खुलं झाल्याचा ठराव केला. हक्क मिळाला होता, कागदही तयार होता. आणि 1927 उजाडेपर्यंत त्या तळ्यावर एकही अस्पृश्य पाणी भरायला गेला नाही. ‘कायदा करा म्हणजे झालं’ म्हणणाऱ्यांनी ही तीन वर्षं डोळ्यांसमोर ठेवावीत. आणि ‘आधी मनं बदला’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, या तीन वर्षांत महाडची मनं किती बदलली?

20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडमध्ये भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यात महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. हे मुद्दाम सांगतो, कारण चळवळ एका जातीची आणि विरोध दुसऱ्या जातीचा अशी सोपी विभागणी तेव्हाही नव्हती. नंतर जे झालं ते बहुतेकांना माहीत आहे. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली, परतणाऱ्या आणि जेवायला बसलेल्या लोकांवर हल्ले झाले. 108 घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळं खाजगी मालकीचं असल्याचा दावा कोर्टात दाखल झाला आणि डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर मनाईहुकूम आला. आंबेडकरांनी त्या वेळी तळ्यावर जाण्याचं थांबवलं, 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, आणि तळ्याचा खटला लढवत नेला तो थेट मार्च 1937 पर्यंत, मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल देईपर्यंत.

हा घटनाक्रम नीट वाचला तर आजचा अर्धा वाद मिटावा. ठराव नसता तर सत्याग्रहाला कायदेशीर पाया नव्हता, सरकारने तो दंगा ठरवला असता. सत्याग्रह झाला नसता तर ठराव नगरपालिकेच्या दप्तरात पिवळा पडला असता. खटला चिकाटीने लढवला नसता तर मनाईहुकूमच शेवटचा शब्द ठरला असता. आणि पाणी प्यायल्यामुळे एक गोष्ट उघडी पडली जी कुठल्याही भाषणाने पडली नसती. त्या तळ्यावर मुसलमानांना, ख्रिश्चनांना बंदी नव्हती, जनावरंही पाणी पीत. अडवलं जात होतं ते फक्त याच माणसांना. पंचगव्याच्या घागरी ओतणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने ते जगाला दाखवून दिलं.

इथे ‘घाई नको’ म्हणणारे एक आक्षेप घेतात आणि तो गंभीर आहे. अशा कृतीमुळे उलट प्रतिक्रिया उसळते, आणि तिचा मार सगळ्यात तळाच्या माणसाला बसतो. महाडला बसला. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा, ठराव केला, तेव्हा तर कितीतरी पटींनी जास्त बसला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांचे जीव गेले, आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. ज्यांची घरं जळली त्यांना कुणी आधी विचारलं होतं का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. ठराव करून सरकारने संरक्षणाची तयारी केली नाही, हा अक्षम्य दोष होता. पण यातून ‘थांबायला हवं होतं’ हा निष्कर्ष निघतो का? थांबण्याचीही किंमत असते आणि तीही तोच तळाचा माणूस भरत असतो, फक्त रोज थोडी थोडी. ती वर्तमानपत्रात येत नाही म्हणून आपण ती हिशेबात धरत नाही. शिवाय योग्य वेळ आली, हे कुणी ठरवायचं?

मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय कायद्याने वाढवण्यावरून 1891 मध्ये जो संमतीवयाचा वाद झाला, त्यात लोकमान्यांचं म्हणणं होतं की परक्या सरकारला आमच्या चालीरीतींत कायद्याने हात घालू देऊ नये. सुधारणा आमच्या आम्ही करू. परकी सत्ता काय चीज असते हे ज्याला कळतं त्याने या म्हणण्याची थट्टा करू नये. पण त्याआधीच ते कसोटीला लागलं होतं, तेव्हा काय झालं? रखमाबाईंना बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असं 1887 मध्ये फर्मावलं गेलं. तेव्हा ‘आमच्या आम्ही’ सुधारणा करणारा समाज बहुतांशी त्यांच्या विरोधात उभा होता. आणि पुढे आपलं सरकार आलं, आपली संसद आली, तेव्हा हिंदूंच्या लग्न-वारशाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल सरळ मंजूर झालं का? ते रखडलं, आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, आणि बिलाचे तुकडे करून 1955-56 मध्ये ते पार पडलं. आधी राजकीय की आधी सामाजिक, यावर टिळक-आगरकरांपासून आपण रक्त आटवलं. सत्ता हाती आल्यावर दिसलं की घरातल्या अन्यायाला हात घालायची वेळ स्वकीयांच्या राज्यातही ‘अजून’ आलेली नसते.

तिसरं एक म्हणणं सुशिक्षितांत फार चालतं. चळवळी वगैरे काही नाही, शिक्षण आलं, पैसा आला, शहरं वाढली, की समाज आपोआप सुधारतो. रेल्वेच्या डब्यात सगळ्या जाती शेजारी बसल्या, नळ आले आणि विहिरीचा प्रश्नच संपला. यात तथ्य आहे. पण कितपत? अस्पृश्यता संविधानाने 1950 मध्ये नष्ट केली, 1955 मध्ये तो गुन्हा ठरला, आणि 1970 च्या दशकात बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव हिंडावं लागलं, कारण विहिरी वेगळ्याच होत्या. नळ आले तेव्हाही शेवटचा स्टँडपोस्ट कुठल्या वस्तीत बसला आणि पाणी कमी दाबाने कुणाकडे आलं, हे गावात कुणालाही विचारा. पैशाचं आणि शिक्षणाचं म्हणाल, तर कोल्हापूर जिल्हा घ्या. ऊस, दूध संघ, शाळा-कॉलेजं, शाहूंचा वारसा, काय नाही तिथे? 2001 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात तिथे दर हजार मुलांमागे 839 मुली होत्या. सोनोग्राफी मशीन हा आधुनिक काळ, ती परवडणं ही समृद्धी, आणि तिचा वापर झाला तो जुन्यातली जुनी इच्छा पुरी करण्यासाठी. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानावर कायदा केला, तोही आपोआप आला नाही. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी आणि डॉक्टर-कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं रेटा लावला होता.

आणि प्रबोधनाचंच बोलायचं तर ज्यांनी ते आयुष्यभर केलं त्यांनी काय मागितलं? डॉ. नरेंद्र दाभोलकर खेड्यापाड्यात, शाळा-कॉलेजांत शांतपणे बोलत राहिले. आणि तीच सगळी वर्षं ते जादूटोणाविरोधी कायद्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होते. ‘कायदा कशाला, प्रबोधन करा’ हा सल्ला त्यांनाही दिला गेला, त्यांच्याइतकं प्रबोधन ज्यांनी कधी केलं नाही अशांकडून. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि इतकी वर्षं अडलेला कायदा काही दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला. प्रबोधनाने जे मन वळतं ते वळतंच. पण ज्या भोंदूचा धंदा त्या अंधश्रद्धेवर चालतो त्याचं मन वळवायचं कसं? आणि ते वळेपर्यंत त्याच्या तावडीतल्या बाईने काय करायचं?

जुनी उदाहरणं देताना एक धोका असतो. आपण सगळे महाडच्या बाजूने उभे राहतो, कारण निकाल लागून गेलेला आहे. म्हणून आजचा प्रश्न घेतो. महाराष्ट्राने 1994 मध्ये कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 2005 मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो हक्क देशभर आला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंकाही मिटवल्या. कागद तयार आहे. आता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर थोडा वेळ उभं राहून पाहा. वडील वारलेले, भाऊ गाडी करून बहिणींना घेऊन येतो. जेवण, साडी, मग हक्कसोडपत्रावर सह्या. ‘कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने’ असा मजकूर आत छापलेला असतो. बहिणीला विचारलं तर ती म्हणते, माहेर तुटेल. कायदा होऊन तीस वर्षं झाली, आणि शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बहिणीही सही करतात. 1924 ते 1927 मधलं चवदार तळं असंच होतं.

इथेही तीच दोन वाक्यं ऐकू येतील, कायदा आहे आणि मनं बदलायला वेळ लागतो. माझ्या मते इथे हवी आहे ती संख्या. एकटी बहीण वाटा मागते तेव्हा ती हावरट ठरते आणि भाऊबीज बंद होते. एकाच गावातल्या पंधरा-वीस लेकींनी एकाच वर्षी हक्कसोडपत्र नाकारलं, तर कुणाकुणाची भाऊबीज बंद करणार? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायचा आणि गावातल्या शंभरावर घरांनी केलं की त्या गावाचा गौरव. शेतकऱ्याचं मन वळवण्यापेक्षा शेजाऱ्याने केलं हे त्याला दिसणं अधिक कामाचं, हे तिथे ओळखलेलं होतं. लेकींच्या वाट्यासाठी असं काम आज कोण करतंय?

ग्रामसभा ते करू शकते. हक्कसोडपत्र होण्याआधी सातबारा समोर ठेवून प्रत्येक बहिणीला तिचा वाटा किती गुंठे, हे तलाठी आणि दोन महिला सदस्यांच्या देखत सांगितलं जावं, आणि ती सोडायला तयार असेल तर तिला घरी जाऊन विचार करायला महिनाभराचा वेळ मिळावा, असा ठराव कुठल्याही गावाला येत्या ग्रामसभेत करता येईल. त्याला शिक्षेचं कलम नसेल. भाऊ चिडतील, काही घरांत बोलणं बंद होईल, आणि बऱ्याच बहिणी महिनाभराने येऊन सही करतीलही. पण एखादी येणार नाही. ती आली नाही, तेव्हा तिच्या बाजूने उभं राहायला वकील, बचतगट आणि गावातली चार माणसं तयार आहेत की नाहीत, याची व्यवस्था ठराव करणाऱ्यांनी आधीच करून ठेवायला हवी.